पेजेवर चालणारी सायकल

सायकलीला जेवू घालणारा माणूस आमच्या आरोंद्यात एकच होता, सायकल दुरुस्तीवाला तातू मेस्त्री. सकाळी दहाला अख्खा गाव पेज जेवायचा. तातू आपल्या वाटणीची अर्धी पेज गाळायचा, निवळीत काथ्याचा बारीक भुसा कालवायचा आणि पिचकारीने गिऱ्हाइकांच्या सायकलींच्या ट्यूबमध्ये भरायचा. गाव त्याला 'पेजवालो तातू' म्हणू लागला, यात गावाचा काही दोष नव्हता.

कोणी विचारो न विचारो, तो समजावून सांगे. "भोक पडला की हवा भायर धावता. तिच्या वांगडा पेज नि भुसो धावता. जत्रेत दारात एक जाडो माणूस अडाकलो की मागचे सगळे थांबतत मा? तसो भुसो भोकात अडाकता."

शास्त्र बिनतोड होतं. फक्त वैशाखात पेज आंबायची. मग टायर आपोआप फुगायचा आणि पोस्टमनच्या आधी त्याचा वास दारात यायचा. "बघ, हवा भरूची कटकटसुद्धा गेली!" तातू म्हणे. एकदा देवळासमोर ट्यूब फुटली तेव्हा सोवळ्यातल्या भटजींचं काय झालं, ते मी लिहीत नाही.

त्याचा सगळ्यांना एकच प्रश्न असे, "टायर टिकलो काय रे?" कुणीतरी एकदा हो म्हणावं, एवढीच त्याची आस. मी तर शाळामास्तर, थट्टेत सर्वांच्या पुढे. मला न विचारता त्याने माझ्या सायकलीत पेज भरली, तेव्हा मी त्याला भर बाजारात फैलावर घेतलं.

त्याच आठवड्यात आईचा ताप डोक्यात गेला. ती बरळू लागली. डॉक्टर बांद्याला. मी सायकल दामटली आणि अर्ध्या वाटेवर, कातळावर, पुढच्या चाकात करवंदीचा काटा घुसला. काटा उपटला तशी पांढरी चिळकांडी उडाली. मी तातूच्या सात पिढ्या उद्धरत चाक फिरवलं, तर फुसफुस बंद! बांद्यापर्यंत हवा कमी झाली नाही. डॉक्टर त्यांच्या मोटारीने वेळेत पोचले. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी तातूने विचारलं, "मास्तरांनू, टिकलो काय?"

"ट्यूब बदल आधी. घाण वास येता," मी म्हटलं. एवढा शिकलेला माणूस पेजेपुढे हार कशी मानणार!

त्याने ट्यूब काढली, जरा वेळ निरखली आणि दुसरी घातली.

पुढे माझी देवगडला बदली झाली. तातू गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या बायकोला भेटायला गेलो. दुकानात खिळ्याला एक जुनी ट्यूब टांगलेली होती. बारीकशा भोकावर वाळल्या पेजेची खपली, भोवती खडूचा गोल.

"येतल्या गिऱ्हायकाक दाखयत," वयनी म्हणाली. "'बघा, ह्यो टिकलो' म्हणत. कोणाची ती सांगूक नाय कधी. 'त्या माणसाक लाज वाटात' म्हणत. तुमका ठावक आसा काय, मास्तरांनू?"

"माझी," मी म्हटलं. "टिकलो होतो, वयनी. बांद्यापर्यंत टिकलो."