दाक्षायणी सिस्टरनं दिलेला निकाल
सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत दवाखान्यात उभं राहून दाक्षायणीच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. घरी जावं, आईची कूस बदलावी आणि तिच्याच शेजारी आडवं व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण मोठ्या डॉक्टरांनी शब्द टाकला होता. पंचाहत्तर साल म्हणजे महिला वर्ष. सोलापुरातल्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, ‘स्त्रियांनी रणांगणावर लढावे काय?’ परीक्षक म्हणून लष्करातून आलेली नर्स हवी होती, आणि डॉक्टरांच्या ओळखीत तशी ही एकटीच.

किराणा दुकानवाल्या रुद्रप्पांची ही थोरली मुलगी. लष्करी नर्स झाली तेव्हा भावकीत वर्षभर कुजबूज चालली. खांद्यावर दोन स्टार लावून सुट्टीवर आली तेव्हा मात्र वडिलांनी गल्ल्यावरून उठून सलाम ठोकला. एकाहत्तरची लढाई तिनं सरहद्दीजवळच्या एका इस्पितळात काढली. पुढं वडील गेले, आई निंगव्वाला अर्धांग झाला, आणि लष्करातली मुदत संपताच ती परत आली. कामात कसूर नव्हती, पण हुरूप कुठंतरी तिकडंच राहिला होता. कुणी लढाईचं विचारलं की ‘होतं काहीतरी’ म्हणून ती उठून जायची.

स्पर्धेत एक उंचापुरा मुलगा हात उडवत म्हणाला, “जिला झुरळ पाहून किंकाळी फुटते, ती रक्ताचे पाट काय पाहणार?” सभागृह खदखदून हसलं. दाक्षायणीनं मुकाट्यानं गुण लिहिले.

मग शिवबाई उठली. होटगीच्या रेल्वेतल्या मायाप्पा गँगमनची पोरगी, एन.सी.सी.त रायफल चालवणारी. “माजा नेम माज्या भावापरीस चांगला हाय,” ती म्हणाली. “भरती त्याची झाली. माजी का न्हाय, येवढंच मला इचारायचंय.” आणखी दोन वाक्यं बोलून ती खाली बसली.

“भाषा अशुद्ध. वेळही पुरता घेतला नाही,” दुसरे परीक्षक म्हणाले. तिसऱ्यांनी मान डोलावली. “सिस्टर, तुमचं काय?”

दाक्षायणीच्या कागदावर शिवबाई पहिली होती. पण ती का, हे सांगायचं म्हणजे नको ते सगळं उकरून काढणं आलं. तेवढं बळ तिच्यात नव्हतं. “तुम्ही म्हणाल तसं,” ती म्हणाली आणि तिनं सही केली. पहिलं बक्षीस त्या मुलाला गेलं.

तीन दिवस तिला अन्न गोड लागेना. सुट्टीच्या दिवशी आईला शेजारच्या गुरम्मांवर सोपवून तिनं होटगीची एस.टी. पकडली. शिवबाई दारात धुणं पिळत होती.

“सिस्टर, तुमी? हितं?”

“माझ्याकडं तू पहिली होतीस. पण मी भांडले नाही. तेवढं सांगायला आले.”

“बक्षिसाचं जाऊ द्या की वो.” पोरीनं परकर झटकला. “त्यो रक्ताचं बोलत व्हता, तवा तुमी म्होरंच बसला व्हता. एक शबुद तरी बोलायचा.”

दाक्षायणी पायरीवर टेकली. कुणाला न सांगितलेलं ती त्या पोरीला सांगत गेली. “तोफा सुरू झाल्या तेव्हा आम्हाला खंदकात जा म्हणाले. अकरा पेशंट हलवण्यासारखे नव्हते. मी आणि मरियम्मा थांबलो. केरळची नर्स होती ती. अर्धं छप्पर खाली आलं. ती माझ्यापासून चार हातांवर होती.” शिवबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

“कागदावर आम्ही लढाईत नव्हतोच,” दाक्षायणी म्हणाली. “मागं होतो.”

“मग बायकांनी लढावं का न्हाय?”

“मला विचारशील तर कुणाच्याच लेकरानं लढू नये. जखमा मी धुतल्यात. पण तुझा भाऊ जातो, तर तुलाही जाऊ द्यावं. मरायला आम्ही चालत होतोच की.”

दोघींनी मिळून लष्कराकडं भरतीचा अर्ज लिहिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: नर्स किंवा डॉक्टर व्हा, बाकी कामांसाठी स्त्रिया घेत नाहीत. शिवबाईला सुई धरायची नव्हती. दाक्षायणीनं पुन्हा एक पत्र टाकलं, त्याला उत्तरच आलं नाही. वर्षभर खटपट करून शिवबाई पोलिसांत लागली.

अठ्ठ्याहत्तर साली एकदा रॉकेलच्या रांगेत दाक्षायणी डबा घेऊन उभी होती. बायकांची रेटारेटी आवरायला खाकी साडीतली एक शिपाई आली. ती शिवबाई होती.

“हेच काम देतात का गं?”

“ह्येच. रांगा, जत्रा, मोर्चातल्या बाया. भाऊ पलटणीत नाईक व्हईल आता.”

“आणि तू कशी आहेस?”

“उबी हाय, सिस्टर.”

रांग पुढं सरकली. शिवबाईनं तिचा भरलेला डबा कोपऱ्यापर्यंत नेऊन दिला आणि परत आपल्या जागी गेली. आई वाट पाहत असेल म्हणून दाक्षायणी, दर दहा पावलांवर हात बदलत, घराकडं निघाली.