मनकर्णाकाकूला मारायचं कसं

विक्कीनं कूलरचं बटण बंद केलं आणि रोशनीच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब जमला. मे महिन्यातली शनिवारची दुपार. कोराडीच्या वीज केंद्राची वसाहत, तळमजल्यावरचं क्वार्टर आणि त्यातली मागची दहा बाय दहाची खोली. खिडकीला दोन गाद्या उभ्या लावलेल्या, दारावर रजई, खालच्या फटीत जुन्या साडीचा बोळा. बाहेर कोळशाचे ट्रक जात, त्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून ही तटबंदी. आवाज येत नसे, पण वाराही येत नसे. कूलर चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये घरघर ऐकू येते, म्हणून तोही बंद. वीस मिनिटं कशीबशी निघत. एकविसाव्या मिनिटाला घरातलं कोणी ना कोणी भडकायचंच.

या वीस मिनिटांत दर शनिवारी इंटरनेटवर ऐकवायची सहा मिनिटांची एक गुन्हेकथा रेकॉर्ड होत असे. नायिका मनकर्णाकाकू. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत राहणारी, साड्यांना फॉल-पिको करून देणारी विधवा बाई. साडी घेऊन आलेल्या बायका तिच्याशी बोलत बसायच्या आणि बोलण्याबोलण्यात काकूला खुनी सापडायचा. गल्लीत घरं चौदा, आणि दोन वर्षांत खून झाले एकवीस. एवढ्या खुनांनंतर त्या गल्लीत भाड्यानं राहायला लोक येतात तरी कसे, असं एका श्रोत्यानं विचारलं होतं. रोशनीच्या सासूनं, मीराबाईनं, त्याला विक्कीकडून उत्तर पाठवलं होतं : पाणी चांगलं आहे इथं.

कथा रोशनी लिहायची. काकूचा आणि बाकी सगळ्या बायकांचा आवाज तिचाच. तिचा नवरा रविंद्र, वीज केंद्रातला ऑपरेटर, इन्स्पेक्टर व्हायचा. दीर विक्की रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करायचा. आणि सासू मीराबाई आवाज काढायची. बांगड्या, पातेली, कडी, चप्पल, पदर झटकणं, कपबशी. कडी लावावी तर मीराबाईनं. तिच्या हातच्या कडीनं ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा.

त्यांची एक रीत होती. पूर्ण कथा कोणालाच मिळायची नाही. ज्यानं त्यानं आपापला कागद घ्यायचा, त्यात फक्त त्याचंच काम. ही रीत विक्कीनं पाडली, कारण खुनी कोण ते आधी कळलं की मीराबाई त्या माणसाची पातेली रागानं आपटायची, आणि रविंद्रचा इन्स्पेक्टर पहिल्या मिनिटापासून त्याच्याशी तुसडेपणानं बोलायचा. ऐकणाऱ्याला लगेच पत्ता लागे. तेव्हापासून शेवट फक्त रोशनीला माहीत.

आजचा शेवट तिनं परवाच लिहिला होता. आज मनकर्णाकाकू मरणार होती.

रोशनी खोब्रागडे, वय एकतीस, बी.एस्सी. केमिस्ट्री. लग्नाआधी ती एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. लग्नानंतर नोकरी सुटली, पुन्हा शोधू म्हणता म्हणता सासरे धम्मानंद गेले. मीराबाईनं बोलणं टाकलं. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची, उठायची. तीन महिने झाले. एके दिवशी फडताळातली दहीमिरचीची बरणी रिकामी निघाली. रोशनीनं कमरेवर हात ठेवला, म्हातारा आवाज काढला आणि घरच्यांची चौकशी सुरू केली. ‘बोला, काल दुपारी दोन ते चार कोण कुठी होतं?’ रविंद्र हसला. विक्कीनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आणि मीराबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘मीच खाल्ल्या वं. चव नव्हती तोंडाले.’

मनकर्णाकाकू जन्मली ती अशी. मीराबाई जेवायला लागली. घुमा रविंद्र इन्स्पेक्टर होऊन बोलायला लागला. तिसऱ्यांदा परीक्षेत नापास होऊन भिंतीकडं तोंड करून झोपणारा विक्की सकाळी उठून हेडफोन घालायला लागला. वसाहतीतल्या बायका जयभीम घालून झाला की विचारायच्या, काकू कशी आहे? रोशनी कशी आहे असं कोणी विचारत नसे.

घरात तिच्यावर कोणी ओरडत नव्हतं. कोणी तिला बाहेर जायला मनाई केली नव्हती. तक्रार करायला जागाच नव्हती, हाच सगळ्यात मोठा त्रास. चौघांचं घर तिच्या एका आवाजावर उभं होतं आणि त्या आवाजाखालून तिला सरकता येत नव्हतं.

सांगून पाहिलं होतं तिनं. पहिल्यांदा रविंद्रचा डबा भरता भरता.

‘मले या घरात कोंडल्यासारखं होते,’ ती म्हणाली.

रविंद्रच्या हातातली पोळी तशीच राहिली. ‘विक्की! अबे मोबाईल आण. काय लाईन बोलली वहिनी तुझी!’

ती लाईन एकेचाळिसाव्या भागात बिल्डरच्या बायकोच्या तोंडी गेली. अकरा हजार लोकांनी ऐकली आणि रडणारे चेहरे पाठवले. दुसऱ्यांदा तिनं सासूजवळ सांगितलं, मला पुन्हा नोकरी करायची आहे, आणि सांगता सांगता रडू फुटलं. मीराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘मागच्या भागातल्यापेक्षा हे चांगलं रडली तू. असंच ठेव.’ तिसऱ्यांदा ती रविंद्रशी खरोखर भांडली, ताट ढकललं. तो शांतपणे ऐकत होता. तिला वाटलं, पोचलं. मग तो म्हणाला, ‘आणि इथं इन्स्पेक्टर काय म्हणते?’

चौथ्यांदा तिनं सांगितलंच नाही. महालातले आवाज गोळा करून आणते असं म्हणून ती निघाली आणि दोन बस बदलून कळमेश्वरला गेली. तिथं रंगाच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मुलाखत दिली. मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, मधली पाच वर्षं काय केलं? रोशनीनं सांगितलं, घरी होते. परवा मोबाईलवर पत्र आलं. सोमवारी रुजू व्हायचं. कंपनीची बस कोराडी नाक्यावर सकाळी साडेसहाला. परत यायला सात.

काकू जिवंत असेपर्यंत हे जमणार नव्हतं. म्हणून तिनं घरचे जिथं कान देऊन ऐकतात, तिथंच ही गोष्ट लिहिली.

‘रोलिंग,’ विक्की पुटपुटला.

रोशनीनं काकूचा आवाज लावला. शेजारीण चहा घेऊन आलेली. मीराबाईनं बांगड्या वाजवल्या, बशीवर कप ठेवला. किण्‌. अगदी नेमका. शेजारीण गोड बोलते, काकू फुरका मारते.

‘चहाले आज वेगळीच चव लागून राहिली वं,’ काकू म्हणाली. ‘कडू... घशात जळून राहिलं...’

इथं कप पडून फुटायचा होता. मीराबाईच्या कागदावर तिसऱ्या ओळीत ते लिहिलेलं होतं, त्यासाठी कानतुटका कपही दिला होता. खाली फरशीचा तुकडा ठेवलेला.

कप पडला नाही.

विक्कीनं बोटानं खूण केली. रोशनीनं ओळ पुन्हा म्हटली. मीराबाईनं कप दोन्ही हातांत धरून छातीशी लावला.

‘आई, कप.’

‘कोण मरून राहिलं?’

‘आई, रेकॉर्डिंग चालू आहे,’ विक्की म्हणाला.

‘राहू दे चालू. कोण मरून राहिलं ते सांग पहिले.’

रविंद्रनं घाईघाईनं आपला कागद पाहिला. ‘नाडी लागत नाही. चादर आणा... म्हणजे मी काकूची नाडी पाहून राहिलो काय?’

‘हो,’ रोशनी म्हणाली.

‘सकाळपासून मी समजून राहिलो शेजारीण मरते!’

‘ट्विस्ट जबरदस्त आहे, वहिनी,’ विक्की म्हणाला. ‘पण पुढच्या शनिवारी काय? काकूचं भूत?’

‘पुढचा शनिवार नाही.’

खोलीत घामाचा आणि जुन्या कापसाचा वास भरला होता. रविंद्रचा बनियन पाठीला चिकटला होता. मीराबाई कप न सोडता जरा पुढं सरकली आणि तिनं अगदी मनकर्णाकाकूसारखी मान तिरपी केली.

‘तूच लिहिते ना दरवेळी, मारणारा घरातलाच असते म्हणून? मंग सांग. कोणं मारलं तिले?’

‘मी मारलं,’ रोशनी म्हणाली. आवाज तिचाच होता. ‘सोमवारपासून मी कळमेश्वरला जाणार आहे. नोकरी लागली मले.’

रविंद्रच्या चेहऱ्यावर चांगली लाईन ऐकल्यावर येणारं ते हसू आलं. मोठं, कौतुकाचं. 

‘असे हसू नका तुम्ही.’

‘नाही, चांगलं आहे! सुनेले नोकरी लागते, काकू तिच्या आड येते, मंग ते चहात...’

रोशनीनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. रविंद्र रोज आठ तास मीटरचे आकडे वाचणारा माणूस. त्यानं पत्र एकदा वाचलं, मग ओळीखाली बोट धरून पुन्हा वाचलं. रोशनी रविंद्र खोब्रागडे, या नावावर बोट थांबलं.

‘हे खरं आहे?’

‘खरं आहे.’

‘सांगितलं नाही तू.’

‘तीनदा सांगितलं. तीन एपिसोड झाले त्याचे.’

 लॅपटॉपवर हिरवी रेघ नुसती थरथरत होती, तिच्यात चार माणसांचे श्वास येत होते. मग विक्कीनं हळूच हात पुढं केला आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

‘हे पुसून टाक,’ रोशनी म्हणाली.

‘वहिनी, हे तं आतापर्यंतचं सगळ्यात...’

‘पूस म्हटलं ना तिनं,’ रविंद्र म्हणाला. तो खाली पाहत होता.

विक्कीनं पुसलं. रोशनीनं स्वतः वाकून पाहिलं.

‘तं जाय ना नोकरीवर,’ मीराबाई म्हणाली. ‘कोणं पाय बांधले तुहे? पण तिले काहून मारते? तिनं काय बिघडवलं तुहं?’

‘ती असली की मी कशी जाऊ, आई? सातला घरी येईन. लिहीन केव्हा, बोलीन केव्हा? तुम्ही तिघंही शनिवारची वाट पाहत बसान. मी येऊन पहिले तुमचे चेहरेच पाहीन ना.’

मीराबाईनं कपात पाहिलं, जणू तिथं खरंच चहा होता.

‘तुहा सासरा गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होती,’ ती म्हणाली. ‘त्याच्यासाठी काहीच करता नाई आलं मले. हिचा जीव तं या कपात आहे. हा मी नाई पाडत. तुले मारायची असन तं दुसरा कप आण.’

‘आवाज आहे माझ्याकडं,’ विक्की मदतीच्या सुरात म्हणाला. ‘काच फुटायचे चाळीस प्रकार आहेत लॅपटॉपमधी.’

मीराबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला.

वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण आज कोणी कूलर लाव म्हणालं नाही. रोशनीला वाटलं, आता ही दोन बायकांच्या हट्टाची गोष्ट आहे. जी पहिले उठेल ती हरली. दारावरची रजई हातभर अंतरावर होती.

‘बेहोश ठेव तिले,’ मीराबाई अखेर म्हणाली.

‘काय?’

‘विष पोटात गेलं, पण मेली नाई. दवाखान्यात पडून आहे. बेहोश बाईले बोला लागत नाई, आणि तिच्यासाठी कोणाले लिहाही लागत नाई.’

‘मग तपास कोण करते?’ रविंद्रनं विचारलं.

‘तिची नणंद येते गावाहून. मी.’

‘तुले लिहून कोण देईन?’

‘लिहून कायले पाहिजे? मले काय बोलता येत नाई? साठ वर्षं झाली बोलून राहिली मी.’

विक्कीनं लॅपटॉप पुन्हा उघडला होता. ‘श्वास मात्र लागन, वहिनी. ती जिवंत आहे हे ऐकू आलं पाहिजे. एकदाच दहा मिनिटं दे. तेच तुकडे फिरवत राहीन मी, सहा महिने कोणाले पत्ता लागत नाही.’

‘आणि शुद्धीवर केव्हा येणार ती?’ रोशनीनं विचारलं.

‘पाहू,’ मीराबाई म्हणाली.

तो एक शब्द रोशनीला मीराबाईच्या हातच्या कडीसारखा ऐकू आला. तिला मोकळं व्हायचं होतं, आणि मिळाली होती दवाखान्यातली एक खाट, जिच्यावरून तिला कधीही उठवता येणार होतं. पण सोमवारची बस होती. ती खरी होती आणि आता ती सगळ्यांना माहीत होती.

ती चटईवर आडवी झाली. विक्कीनं माईक तिच्या ओठांजवळ आणला. मीराबाईनं सवयीनं तिच्या अंगावर चादर ओढली, ऐकणाऱ्या कोणालाही न दिसणारी, न ऐकू येणारी.

रोशनी श्वास घ्यायला लागली. आधी तो धावतच होता. विक्कीनं तळहात खाली दाबत खूण केली, हळू. घाम कानात ओघळत होता. कोणाला बोलायची परवानगी नव्हती, हलायचीही नाही. तिघं तिच्याभोवती बसले होते आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडून एकही शब्द मागत नव्हते. सहाव्या मिनिटाला श्वास संथ झाला. रविंद्रनं कोपऱ्यातला पुठ्ठा उचलून वारा घालायला घेतला. विक्कीनं डोळे वटारले, माईकमध्ये वारा येतो. त्यानं पुठ्ठा मांडीवर ठेवला, आणि आवाज न करता ओठ हलवून विचारलं, साडेसहाच ना? तिनं डोळे मिटून पापण्यांनीच हो म्हटलं.

दहा मिनिटं झाली. विक्कीनं अंगठा दाखवला.

‘अजून पाच मिनिटं घेऊन ठेव बाप्पा,’ मीराबाई म्हणाली. ‘पुढं कमी नको पडायले.’

रोशनी उठून बसली.

‘नाही, आई. दहा झाले.’

मीराबाईनं विक्कीकडं पाहिलं. विक्कीचा हात लॅपटॉपकडं गेला नाही. रोशनीनं चादर बाजूला केली, फटीतला साडीचा बोळा पायानं सरकवला आणि दारावरची रजई खाली ओढली.