नकाशावरची शाळा

युक्रेनमधल्या त्या हिवाळ्यातल्या लढाईचा नकाशा मी परदेशात, स्लोटरडाइकच्या ऑफिसात रोज डबा खाताना फोनवर उघडायचो, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा. डब्याला सोबत बसणारा पुण्याचा मित्र विचारायचा, "आज काय गेलं?" आधी पूल गेला, मग स्टेशन, मग अर्धं गाव. मला त्यात मजा यायची, हे सांगायलाही आता लाज वाटते.

त्या दिवशी मी म्हणालो, "आज शाळेची विकेट गेली." शेजारी सूप पीत बसलेली आमच्या टीममधली युक्रेनियन सॉफ्टवेअर टेस्टर उठून आली. मराठी तिला कळत नव्हती, पण नकाशा कळत होता. तिनं दोन बोटांनी शाळा मोठी केली.

"माझी आई तिथल्या तळघरात आहे."

फोन परत देताना रोज तिच्या गावाची खबर ठेवतो म्हणून तिनं चक्क माझे आभार मानले.