पाच टोकांचा कंदील

नाताळची चांदणी आमच्या घरी कधी विकत आली नाही. विकत आणणारी तोंडं वेगळी, असं आई म्हणायची. पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते, पन्नास साल उलटून गेलं होतं, आणि आम्ही कासारवाडीला रुळांच्या बाजूला एका खोलीत राहत होतो. दिवाळी सरली की आईचं जमवणं सुरू व्हायचं. चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद, वडिलांच्या कंपनीत कुणी टाकलेली सिगारेटची पाकिटं, माझ्या फुटक्या बांगड्या. मी कणकेची खळ शिजवून कागद चिकटवायची आणि निम्मी खळ माझ्याच केसांत जायची.

सांगाडा मात्र नदीवरून यायचा.

पवनेच्या पलीकडे, पिंपळे गुरवला, आईचं माहेर. शेतकरी घर, खाऊनपिऊन सुखी. वडील नगरकडून रस्त्याच्या कामावर आलेले, ख्रिस्ती. आईनं त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा आजानं, म्हणजे तिच्या बापानं, नदीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. पोरगी मेली, विषय संपला. माहेर हाकेच्या अंतरावर आणि हाक मारायची सोय नाही. मला विचाराल तर म्हाताऱ्याला काडीची अक्कल नव्हती. आईसमोर असं म्हटलं की ती लाटणं उगारायची.

पण दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आई धुणं घेऊन नदीवर गेली की आमच्या काठाच्या बाभळीला एक आकाशकंदील टांगलेला दिसायचा. कागद काढून टाकलेला, नुसत्या कामट्या. जुना कंदील लोक चुलीत घालतात नाहीतर माळ्यावर टाकतात. नदी ओलांडून दुसऱ्याच्या काठाला कोण टांगून ठेवतं? आईला गाठी ओळखू यायच्या. सुतळीचे दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं, ही तिच्या बापाची गाठ. ती गुपचूप तो काढून घरी आणायची, कामट्या सोडवायची आणि पाच टोकांची चांदणी बांधायची. त्यावर ना आजानं कधी काही म्हटलं, ना आईनं.

मी आठ वर्षांची असताना आईबरोबर नदीवर गेले, तेव्हा तो कंदीलच पाच टोकांचा निघाला.

आमची चांदणी पलीकडून दिसत असेल हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हाताऱ्यानं ती बघितली होती, टोकं मोजली होती. आणि आतल्या कामट्यांना काजळी धरलेली. म्हणजे दिवाळीत त्यानं तो स्वतःच्या दारात लावला होता, अख्ख्या गावादेखत. आई त्या काजळीवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

मान वर केली तर समोरच्या काठावर आजा बैल धूत होता. बैल केव्हाचा स्वच्छ झाला असावा, तरी त्याचा हात चालूच होता. आम्हाला बघून तो थांबला. मध्ये गुडघाभर पाणी. मी आईचा हात ओढला, चल की, म्हटलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पुढच्या वर्साला जाऊ," ती म्हणाली. "आत्ता रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

आणि आम्ही घरी आलो. मला अजून राग येतो. कसले रिकामे हात? हातात कंदील होता, कडेला नात होती. पण ती घाबरली होती, हे मला फार उशिरा कळलं. तो आपल्या हातानं टांगायला येईल तेव्हाच समोर जाऊ, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. वर्षभर तयारी चालली. आपल्या लग्नातली साडी फाडून तिनं मला झगा शिवला. आजाच्या पाया कसं पडायचं ते शिकवलं, तो रागावला तर रडायचं नाही हेही शिकवलं. पौर्णिमा आली तशी करंज्या तळल्या आणि एकही मला चाखू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही नदीवर पोचलो. बाभळीला काही नव्हतं.

वाट बघून बघून मी कंटाळले. विसरला असेल, म्हटलं, नाहीतर कंजूषपणा केला असेल. आई समोरच्या घराकडे बघत होती.

"यंदा दिवाळीत तिथं उजेड नव्हता," ती हळूच म्हणाली. "मी बघितलं व्हतं. म्हटलं, झाडाआड गेला आसंल."

ज्या घरात मयत झालेलं असतं तिथं वर्षभर कंदील लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं, आणि तरी दिवाळीपासून तिनं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. पलीकडे एक बाई कपडे आपटत होती. तिला आईनं ओरडून विचारलं. आषाढात गेले, बाई म्हणाली, आणि पुन्हा कपडे आपटायला लागली. आषाढ सरून साडेतीन महिने झाले होते. कुणी कळवलं नव्हतं. मेलेल्या लेकीला कोण कळवणार?

आईनं करंज्यांचं फडकं दगडावर ठेवलं आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली. थंडी चांगलीच पडलेली. ती डोक्यावरून बुडी मारायची, वर यायची, पुन्हा बुडायची. आपण ख्रिस्ती लोक असलं करत नाही, हे मी रविवारच्या शाळेत शिकले होते. मूर्खासारखं काठावरून मी तिला तेच सांगितलं.

"माझ्या बापाच्या नावानं आंघोळ करतीया," ती म्हणाली. "तेवढी तरी करू दे."

करंज्या तिनं तिथंच बाभळीला बांधल्या. त्या नाताळात वडिलांनी गेल्या वर्षीचा पाच टोकांचा सांगाडा खुंटीवरून काढला आणि कागद मागितला. आईनं तो त्यांच्या हातातून घेऊन परत खुंटीला अडकवला. मयताच्या घरी कंदील लावत न्हाईत, एवढंच बोलली. प्रार्थनेला आलेल्यांनी विचारलं, यंदा चांदणी नाही का. वडिलांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दारात अंधार होता. नाहीतरी पलीकडून बघायला आता कोण होतं?