आत्याचं कडवं

रनाळ्याला अमृतनाना पाटलांकडे जायचं असेल, तर आधी हात धुऊन घ्यावेत. पाया पडला नाहीत तरी चालेल, चहाला नाही म्हणालात तरी नाना मनावर घेणार नाहीत. पण पुढच्या खोलीत रचलेल्या सातशे रेकॉर्डींपैकी एकीवर जरी तुमचं बोट उमटलं, तर तुमचं काही खरं नाही. रेकॉर्ड कडेनं, दोन्ही तळहातांत धरायची असते, हे नानांनी गावातल्या तीन पिढ्यांना शिकवलंय. त्या तीन पिढ्यांत दुसऱ्या कुणाकडे रेकॉर्ड नव्हतीच, ही गोष्ट वेगळी.

नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण ती काही त्यांची ओळख नव्हे. धुळ्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात 'सुईखालून' नावाचं सदर यायचं, ते नानांचं. पस्तीस वर्षं त्यांनी त्यात रेकॉर्डी, कर्णे, ॲम्प्लिफायर यांची परीक्षणं लिहिली. कॅसेट आली तेव्हा तिला सर्दी झालीय म्हणाले. सीडी आली तेव्हा म्हणाले, दवाखान्यातली भाजी आहे, स्वच्छ आहे पण मीठ नाही. आणि मोबाइलमधल्या गाण्याबद्दल त्यांनी शेवटच्या लेखात लिहिलं, की याला गाणं म्हणायचं तर फोटोतलं जेवण बघून ढेकर द्यावा लागेल. पुढे साप्ताहिक बंद पडलं, पण नानांचा कान काही रिटायर झाला नाही. शेजाऱ्याची नवी मोटारसायकल मधल्या पट्टीत पोकळ वाजते, असं त्यांनी पेढे खाताखाताच त्याला ऐकवलं.

पंचाईत झाली ती सून रंजिताची. तिला ब्यूटी पार्लर काढायचं होतं, रस्त्याकडची खोली एकच, आणि तिच्यात नानांचा हा संसार. मुलगा भाग्येश म्हणाला, रेकॉर्डी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू. आता त्या शेडमध्ये मिरचीची पोती. वर पत्रा, त्यात आपल्याकडचा मे महिना. रेकॉर्डींचे पंधरा दिवसांत पापड झाले असते, आणि खाचांत मिरचीची पूड बसली असती ती निराळीच. नानांनी दोन दिवस अन्न सोडलं. म्हणजे घरातलं. स्टँडवर त्यांना भजी खाताना पाहणारे चारजण होते.

अशातच नात रुपाचं लग्न ठरलं.

रनाळ्यात हळदीला एक ठरलेलं गाणं लागतं, आणि ते नानांच्या रेकॉर्डवरचं. चाळीस वर्षांपूर्वी गावात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र एकट्या नानांकडे होतं. तेव्हापासून ज्याच्या घरी हळद, त्याच्या घरी नाना यंत्र घेऊन हजर. गाण्यात एकेक नातं येतं. आई येते, हळद लावते. काकू येते, मामी येते. बायकांना ते तोंडपाठ झालं, आणि गाण्यात जसं नाव येईल तशी ती ती बाई पुढे होऊन नवरीला हळद लावू लागली. आजूबाजूच्या गावांत काकूच्या मागोमाग आत्याचा मान. रनाळ्यात मात्र आत्या सगळ्यांत शेवटी, सगळी भावकी आटोपल्यावर. बाहेरच्या कुणी विचारलं तर म्हाताऱ्या बाया ठणकावून सांगतात, आमच्यात पूर्वीपासून असंच आहे.

भाग्येशनं या हळदीवरच पैज लावली. गाणं त्यानं इंटरनेटवरून शोधून काढलं होतं.

"नाना, यंदा फोनवर लावूत. एक मानूस जरी बोलना का नानानी रेकॉर्ड पाहिजे व्हती, तर खोली तुम्हनी. नही ते शेड."

नानांनी मिशीवर हात फिरवला आणि पैज घेतली. सातशे रेकॉर्डींचं नशीब त्यांनी गावाच्या कानावर सोडलं, आणि गावाच्या कानाबद्दल त्यांचं मत काय होतं ते पस्तीस वर्षं छापून येत होतं. रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

हळदीच्या सकाळी अंगणात मांडव, पाटावर रुपा, चौकोनी काळे स्पीकर दोन बाजूंना. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसले. गाणं सुरू झालं. आवाज चांगला होता. नानांना ते कळलं आणि भयंकर राग आला. ढोलकीची थाप अशी स्वच्छ, की आपल्या रेकॉर्डवर ती कधी ऐकल्याचं त्यांना आठवेना. बायका खुशाल गाऊ लागल्या. कुणाला रेकॉर्डची आठवणसुद्धा आली नाही. नाना मनातल्या मनात शेडमधली पोती कुठे सरकवता येतील ते बघू लागले.

आईची हळद झाली, काकूची झाली. मामीनं हळदीच्या वाटीत बोटं बुडवली. आणि स्पीकरमधल्या बाईनं आत्याला हाक मारली.

बायका गपकन थांबल्या. गाणं एकटंच पुढे चाललं. आत्या ये, पहिली लेक या घरची, भाचीच्या गालाला तुझा हात लागू दे, असं चांगलं चार ओळींचं कडवं. रनाळ्यात ते आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

रुपाची आत्या म्हणजे नानांची लेक रेवा. म्हसावदहून चार दिवस आधी येऊन हळदीच्या कामाला तीच जुंपली होती. ती हाताला हळद घेऊन पुढे आली आणि हळूच म्हणाली, "गाणामा मन्हं नाव उनं."

मामी काही मागे सरेना. आपली रीत ती आपली रीत. बायांत कुजबुज, मग कलकल. शेवटी नव्वदीच्या तुळशीबाईंनी काठी आपटून निकाल दिला, की फोन बिघडलाय, भलतंच गातोय, नानाची रेकॉर्ड आणा. लगेच दहाजणींनी री ओढली, रेकॉर्डच पाहिजे. भाग्येशचा चेहरा पडला.

नाना जिंकले. पस्तीस वर्षांत जे लिहून पटलं नाही, ते गावानं एका तोंडानं कबूल केलं होतं. ते उठलेही, यंत्र आणायला. तेवढ्यात त्यांना रेवा दिसली. ती मागे सरून हाताची हळद पदराला पुसत होती.

आता नानांच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं. ती रेकॉर्ड घरात नवी आली तेव्हाची गोष्ट. सुई किती अलगद ठेवावी याचं प्रात्यक्षिक नाना एका पाहुण्याला दाखवत होते. शेजारी मिरची कुटत होते. ऐन मोक्याला नानांना शिंक आली, आणि सुई रेकॉर्डवरून खर्रकन ओढली गेली. तेव्हापासून काकू संपली की सुई उडी मारून थेट मामीवर. कानाच्या एवढ्या मोठ्या माणसानं स्वतः ओरखडा पाडला हे सांगायचं कसं? पाहुणा परगावचा, तो गेल्यावर नानांनी सांगून टाकलं, की सिंधू पुसायला गेली आणि तिची बांगडी लागली. सिंधू म्हणजे त्यांची बायको. त्या दिवसापासून सिंधुबाईंना रेकॉर्डींना हात लावायची बंदी. आणि गावातल्या आत्या एकेक करून मागे गेल्या. भाग्येशच्या हळदीत नानांच्या सख्ख्या बहिणीची पाळी आली, तेव्हा त्याच्या गालावर जागाच उरली नव्हती. तिनं कोपराला हळद लावली. नानांनी ते पाहिलं होतं, आणि मान फिरवली होती. ती बहीण आता नाही.

नानांनी माइक मागून घेतला. दोनदा खाकरले.

"फोन चुकना नही. मन्ही रेकॉर्ड चुकस. चाळीस वरीस आत्यानं कडवं मी खाई टाकं. आन तो ओरखडा मी पाडा. सिंधूनी नही."

 मग भाग्येशनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. काकूनंतर आत्याचं नाव आलं, आणि मामीनंच रेवाचं मनगट धरून तिला पुढे केलं. रेवा हळद लावता लावता रडली, रुपा रडली, आणि कुणाला चुकल्यासारखं वाटायला नको म्हणून तुळशीबाईही रडल्या.

पैजेचं म्हणाल, तर शब्द म्हणजे शब्द, भाग्येशनं खोली नानांची म्हणून कबूल केली. नानांनी अर्धी रंजिताला दिली. भुवया कोरायला येणाऱ्या बायांनी आधी हात धुवावेत, एवढीच अट.

त्या दुपारी मात्र पंगत उठल्यावर नाना सिंधुबाईंपाशी जाऊन बसले.  मग त्यांनी विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"मी दारमा चहा लई उभी व्हती. त्याच दिन सांगेल व्हतं तुमले, का मन्ही बांगडी नही, तुम्हनी शिंक."

"माले ऐकू उनं नही."

"कसं येई?" सिंधुबाई म्हणाल्या. "तुम्हना कान रेकॉर्डकडे व्हता."

 नाना उठले, ती ओरखड्याची रेकॉर्ड आणि पुसायचं मऊ फडकं घेऊन आले, आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. सिंधुबाईंनी बांगड्या मागे सारल्या. रेकॉर्ड त्यांनी कडेनं, दोन्ही तळहातांत धरली.