बाधित क्षेत्र

माझ्या सासऱ्यांचं शेत खाडीत गेलं, आणि कागदावर ते मी नीट लिहिलं नाही. गोष्ट एवढीच आहे, पण सांगायची तर बंधाऱ्यापासून सांगावी लागते.

आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमच्या गावाची भातशेती. खारं पाणी बाहेर ठेवायला मातीचा बंधारा. त्याला वळणावर खांड पडली आणि दर उधाणाला पाणी आत शिरू लागलं. भात पिकेनासं झालं. एक खातं म्हणे, बंधारा खासगी आहे, तुमचा तुम्ही बांधा. दुसरं म्हणे, बाहेर कांदळवन वाढलंय, तिथे हात लावायचा नाही. ग्रामपंचायत दोघांकडे बोट दाखवून मोकळी. मी गावच्याच शाळेत शिकवते. चौथीतल्या पोरांनी असं केलं असतं तर कान धरून वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मग तालुक्याला एक तरुण मॅडम बदलून आल्या. त्यांनी सगळ्यांना आमच्या शाळेच्या पडवीत बोलावलं. दोन्ही खात्यांचे साहेब, खाडीत जाळं टाकणारा एक कोळी, गावातर्फे माझे सासरे आणि अहवाल लिहायला मी. मॅडम म्हणाल्या, "एका दमात हे सुटणार नाही. थोडं करू, काय होतं ते बघू, चुकलं तर पुन्हा बसू." मला मनातून हसू आलं. म्हटलं, ही मंडळी दुसऱ्यांदा बसली तर मी नावाची मास्तरीण नाही.

पण बसली. आधी खांडीत दगडमाती भरली, ती दुसऱ्या उधाणाला वाहून गेली. मग पाणी बाहेर सोडणारी उघाडी, म्हणजे बंधाऱ्यातली लाकडी झडप, मोठी केली. आतलं पाणी निघालं, पण वळणावरचा बंधारा आणखीच खचला. "आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी," सासरे म्हणाले आणि साहेबसुद्धा हसले. स्वतःच्या चुकीला हसणारे साहेब मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कोळी पहिल्या दोन्ही बैठकांना आलाच नव्हता. बैठकीची वेळ आणि त्याच्या जाळ्याची वेळ एकच यायची. तिसरी बैठक आम्ही भरती-ओहोटी बघून ठेवली, तेव्हा तो आला आणि दोन वाक्यांत बोलला, "समोरच्या काठाला गाळ साचलाय, म्हनून पानी त्या वळनावर आपटतंय. कितीबी भरा, न्हाय टिकायचं." त्यावर कांदळवनवाले साहेब म्हणाले, बाहेरची झाडं राहिली तर लाटेचा जोर मोडेल. म्हणजे बंधारा वळणावर आत घ्यायला हवा होता. इतके दिवस जो तो आपापला तुकडा धरून भांडत होता, हे कळल्यावर मला लाज वाटली आणि आनंदही झाला. उत्तर बरोबर की चूक एवढंच बघण्यात माझी नोकरी गेली होती.

किती आत घ्यायचा, ते मात्र कुणी बोलेना. मी फळ्यावर नकाशा काढला होता. सासरे उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि रेघ ओढली. आमचा 'कोन' रेघेबाहेर राहिला.

कोन म्हणजे आमचं वळणावरचं शेत. तिथला तांदूळ सासऱ्यांनी कधी विकला नाही. तो घरात खायचा आणि लेकी माहेरी आल्या की बांधून द्यायचा. सासूबाईंनी शेवटची लावणी तिथेच केली होती. मॅडमनी विचारलं, "बाबा, हे तुमचंच ना?"

"व्हय. म्हनून तर मी वढतो. दुसऱ्यानं वढली असती तर भांडलो असतो."

अहवालात एक रकाना होता, 'बाधित क्षेत्र'. मी तिथे कोनाचं नाव आणि गुंठे लिहिणार होते. कचेरीतले बाबू म्हणाले, "बाई, आकडा घातलात की फाईल फिरत बसेल. नगण्य लिहा." पावसाळा तोंडावर आलेला. मी लिहिलं. खरं सांगते, फार विचारही केला नाही. तोवर इतकं खोडून इतकं पुन्हा लिहिलं होतं, की हाही कच्चा खर्डाच वाटला.

बंधारा झाला, टिकला. जमिनीतला खार धुतला गेला आणि गावात भात आलं. ग्रामसभेत अहवाल वाचायचा मान मला मिळाला. वर्गात वाचते तसा खणखणीत वाचला, "बाधित क्षेत्र नगण्य." टाळ्या पडल्या. सासरे पहिल्याच रांगेत होते.

घरी येताना त्यांनी विचारलं, "बाय, नगण्य म्हंजे काय गो?"

मी हा शब्द मुलांना शिकवते. जे गणतीत धरायचं नाही ते. "थोडं, बाबा," मी म्हणाले. "नगण्य म्हणजे थोडं."

त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालत राहिले.

ते रागावले नाहीत. जेवायला वाढलेलं जेवायचे. फक्त बोलणं कमी झालं, आणि मॅडमनी आमचा बैठकीचा गट पुढच्या गावाच्या बंधाऱ्यासाठी नेला तेव्हा म्हणाले, "माजं तिथं काय काम?" त्या गावातल्या एका म्हातारीने मात्र माझा खर्डा मोठ्याने वाचून घेतला, 'किरकोळ' हा शब्द खोडायला लावला आणि तिथे आपल्या शेताचं नाव घालून घेतलं. ती फाईल महिनाभर उशिरा मंजूर झाली. महिनाभर फक्त. बाबूंचं नाव पुढे करून मी इतके दिवस स्वतःला समजावत होते, ते त्या दिवशी संपलं.

त्या संध्याकाळी मी तडक बंधाऱ्यावर गेले. सासरे रोजच्यासारखे कोनावरच्या पाण्याकडे बघत बसले होते. मी सगळं सांगितलं. बाबू, पावसाळा, म्हातारी. म्हटलं, "चुकले, बाबा. माफ करा."

ते म्हणाले, "मला इचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं, लिवा. गावाचं काम होतं." आणि थोड्या वेळाने, "पन तुम्ही इचारलं न्हाय."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला 'तू'च म्हटलं होतं. त्यानंतर ते दीड वर्ष जगले. शेवटच्या दुखण्यात पाणी मागतानाही त्यांनी मला 'तुम्ही'च म्हटलं.