बीडचं जुनं स्टेशन

पुण्याहून बीडच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या मांडीवर बीडचं रेल्वे स्टेशन होतं, चांगलं काच लावून फ्रेम केलेलं.

बीडला तेव्हा रेल्वे आलेलीच नव्हती. म्हणजे दर निवडणुकीला यायची आणि मतमोजणीच्या दिवशी परत जायची. पण जुन्या बाजारात मला मिळालेल्या फोटोत फलाट होता, धूर ओकणारं इंजिन होतं, आणि एका तरुण जोडप्याच्या डोक्यावर ठसठशीत पाटी होती : बीड. आम्ही सहा निवृत्त कारकून बंद पडलेल्या स्टेशनांचे फोटो जमवतो. त्यातले पाच जण मला खुळ्यात काढत होते. निजामाच्या काळात टाकलेली आणि पुढे उखडलेली एखादी लाइन शोधून त्या पाचांची तोंडं बंद करायची, एवढाच या प्रवासामागचा उदात्त हेतू होता.

दुष्काळाचं साल होतं. रस्त्याच्या कडेला सहकारी दूध संघ, सहकारी सूतगिरणी, सहकारी पाणीपुरवठा संस्था अशा पाट्या ओळीनं उभ्या होत्या. पाट्यांचं पीक तेवढं उत्तम आलेलं दिसलं. मांजरसुंब्याला गाडी जेवायला थांबली. शेवभाजी इतकी तिखट होती की पहिल्या घासालाच मी टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे हात नेला. तो रिकामा.

"बाटली घ्या," ढाब्याचा मालक म्हणाला. "जग नुसता ठिवलेला हाय."

मी बाटली घेतली आणि विचारलं, "बीडचं जुनं स्टेशन कुठं आहे हो?"

"पोलिसाचं का एस्टीचं?"

"रेल्वेचं."

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "काका, उनात लई हिंडू नका," एवढंच म्हणाला आणि भाकरी आणायला गेला.

बीडमध्ये उतरून फोटोच्या पाठीवरच्या शिक्क्यातली गल्ली शोधू लागलो. स्टेशन राहू दे, गल्लीच गायब. एका चहावाल्यानं मला मुनीरभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात धाडलं. पासष्टीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ. त्यांच्या भिंतीवर त्या गल्लीचा जुना फोटो होता : दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची दुकानं आणि मधोमध निवांत बसलेली एक म्हैस.

"रोड रुंद केला, सगळं पाडलं," ते म्हणाले. "आमचा स्टुडिओ होता तिथं आता डिव्हायडर हाय."

मी माझी फ्रेम पुढे केली. ते पोट धरून हसले. "हा तर अब्बांचा पडदा हाय. स्टेशन न्हाई साहेब, कापड हाय कापड. अब्बांकडं तीन पडदे होते. ताजमहाल, गुलाबाचा बाग, अन् हे. ह्याला गर्दी लई."

"कावून (का)?" मी तेवढ्यात शिकलेला शब्द वापरून घेतला.

"ताजमहालाचं कुनाला काय पडलंय? रेल्वे पायजे होती."

माझी लाइन तिथंच उखडली. पण मुनीरभाईंना आता चेव आला. शिक्क्याखालचा नंबर मी फ्रेम करण्याआधी टिपून ठेवला होता; तो पाहून त्यांनी वडिलांची एक वही काढली. बहात्तरचा दुष्काळ, नाव किसन, बायको गयाबाई, शिरूर कासारजवळची एक वाडी. पुढे शेरा : 'ऊसतोडीला गेले, परतल्यावर नेणार.' नेलाच नव्हता. दुकान पाडताना असे न नेलेले फोटो रद्दीत गेले होते.

"असतील तर त्यांचा त्यांना देऊन टाका," मुनीरभाई म्हणाले. "अब्बांचं काम आधुरं ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या टपाखाली चौदा माणसांत पंधरावा होऊन मी शिरूरला आणि तिथून वाडीवर पोचलो. निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्यांच्या उसात. किसनराव आणि गयाबाई मात्र वयामुळे घरीच होते. दारातच जयभीम झाला, गूळ घातलेला काळा चहा आला. मी मोठ्या ऐटीत फ्रेम त्यांच्या हाती दिली.

किसनराव स्वतःकडे बघतच राहिले. "ही टोपी कुनाची घातलीय म्या?"

गयाबाईंनी फोटो उन्हात धरला. वरून खाली पाहिला, पुन्हा पाहिला. "पोरगी कुटं हाय?"

"कुठली पोरगी?"

"सुमन. माझ्या पदराला धरून हुबी होती."

"त्याच साली गेली," किसनराव हळूच म्हणाले. "कारखान्यावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत). तापानं. चार वर्सांची होती. तिचा दुसरा फोटू न्हाई."

मग मला आठवलं. फ्रेमवाल्यानं विचारलं होतं, खाली कोपऱ्यात डाग आहे, पुठ्ठ्यानं झाकू का? मी म्हणालो होतो, झाक, पाटी नीट दिसली म्हणजे झालं.

किसनरावांनी विळ्याच्या टोकानं मागचे खिळे काढले. पुठ्ठा बाजूला केला. कोपऱ्यात एक पांढुरका फराटा होता आणि त्यातून पुढे आलेला एक इवला हात. चेहरा नव्हताच. माझा धीर सुटला. जुन्या कॅमेऱ्यात हललेलं माणूस असंच येतं, वगैरे मी पुटपुटू लागलो.

गयाबाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या फराट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हीच हाय. इंजनाकडं पळालती. खरी वाटली तिला गाडी." मग नवऱ्याकडे वळून, "एका जागी कवा हुबी ऱ्हायली न्हाई, बगा की."

मला रडू आलं. फोटो त्यांच्याकडे ठेवून मी रिकामी फ्रेम घेऊन निघालो.

पुण्यात पाच जण वाट पाहतच होते. बीडला स्टेशन नव्हतं हे मी कबूल केलं आणि पैजेत ठरल्याप्रमाणे सगळ्यांना भजी खाऊ घातली. त्यांनी यथेच्छ चेष्टा केली, ती रास्तच होती. खरी गोष्ट सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. तीन महिने तो फोटो भिंगाखाली धरून मी इंजिनाची चाकं मोजत होतो, आणि त्या चाकांकडे धावत सुटलेली पोर मला डाग वाटली होती.